निहोनियम (मूलद्रव्य क्रमांक ११३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात दर रविवारी आम्ही काही जण मिळून मराठी घरांतल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी विज्ञानाचा वर्ग घेतो. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा भागांतून मुलं येतात. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची, घरची भाषा मराठी. आवर्तसारणीचा धडा सुरू झाला की सातव्या ओळीच्या शेवटच्या घरांपाशी प्रश्नांची सरबत्ती होते, आणि सगळ्यात जास्त प्रश्न ११३ वर येतात. मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि वर्गाला सोडायला येणाऱ्या काही आजोबांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं बरीच लांब झाली आहेत. ती मुद्दाम तशी ठेवली, कारण या मूलद्रव्याची खरी गोष्ट ते कसं आहे यापेक्षा ते सिद्ध कसं केलं यातच आहे.

निहोनियम म्हणजे नक्की काय?

ज्या अणूच्या केंद्रकात ११३ प्रोटॉन असतात तो निहोनियमचा अणू. चिन्ह एनएच. सातवी ओळ, तेरावा गट. म्हणजे बोरॉन, ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, थॅलियम या उभ्या रांगेत थॅलियमच्या खाली. जपानमध्ये टोकियोजवळ वाको नावाचं शहर आहे, तिथल्या रिकेन या संशोधन संस्थेत ते तयार झालं. शोधाचं अधिकृत श्रेय आशियातल्या प्रयोगशाळेला मिळालेलं हे पहिलंच मूलद्रव्य.

आमच्या घरच्या तक्त्यावर या घरात ‘यूयूटी’ लिहिलंय. तक्ता चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, जुना आहे. मूलद्रव्याला पक्कं नाव मिळेपर्यंत त्याच्या क्रमांकावरून एक तात्पुरतं नाव देतात. ११३ चं तात्पुरतं नाव होतं उनउनट्रियम, म्हणून यूयूटी. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययुपॅकने, ३० डिसेंबर २०१५ ला शोध मान्य केल्याचं जाहीर केलं. ८ जून २०१६ ला निहोनियम हे नाव सुचवलं गेलं आणि २८ नोव्हेंबर २०१६ ला ते कायम झालं. त्याआधी छापलेल्या सगळ्या तक्त्यांवर, कोचिंगच्या भिंतींवर लावलेल्यांवरसुद्धा, जुनंच नाव असणार. त्याच दिवशी ११५ (मॉस्कोवियम), ११७ (टेनेसीन) आणि ११८ (ओगानेसन) यांचीही नावं कायम झाली, तेव्हा ती चारही घरं एकदम दुरुस्त करून घ्या.

हे निसर्गात कुठेच सापडत नाही का? खाणीत, समुद्रात, उल्केत?

नाही. आजवर जे काही अणू नोंदले गेले ते सगळे माणसाने बनवलेले. जगात या क्षणी निहोनियमचा एक तरी अणू असेलच असं नाही.

मग बनवलं कसं?

जस्ताच्या केंद्रकात ३० प्रोटॉन, बिस्मथच्या केंद्रकात ८३. बेरीज ११३. कागदावर एवढंच.

प्रत्यक्षात दोन्ही केंद्रकं धनभारित, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. ती जोडायची तर एकाला दुसऱ्यावर जोरात आपटावं लागतं. जोर कमी पडला तर ती एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. जोर जास्त झाला तर जोडलेलं केंद्रक इतकं तापतं की तयार होता होताच फुटतं. मधली जी अगदी अरुंद जागा आहे तिथे रिकेनच्या गटाने काम केलं. त्यांनी जस्त-७० ची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ७०) केंद्रकं एका सरळ रेषेतल्या त्वरकातून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, प्रकाशाच्या सुमारे दहा टक्के वेगाने सोडली. प्रत्येक केंद्रकाची ऊर्जा साधारण ३५० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक).

जस्त-७० हा जस्ताचा दुर्मिळ समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेला प्रकार, आहे. साध्या जस्तात तो एक टक्कासुद्धा नसतो, वेगळा काढून घ्यावा लागतो. बिस्मथच्या बाबतीत ही अडचण नाही. निसर्गातलं जवळजवळ सगळं बिस्मथ बिस्मथ-२०९ च असतं. त्याचा पातळ थर कार्बनच्या पापुद्र्यावर चढवला होता आणि असे तुकडे एका चाकाच्या कडेला बसवले होते. बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसलाच वितळतं. झोत एकाच जागी पडत राहिला असता तर तो थर टिकला नसता, म्हणून ते चाक वेगाने फिरतं ठेवलं.

आता वस्तुमानांकाची बेरीज करा: ७० आणि २०९ मिळून २७९. जोडलेलं केंद्रक एक न्यूट्रॉन बाहेर टाकतं आणि थोडं निवतं. उरलं ते निहोनियम-२७८. एकच न्यूट्रॉन बाहेर पडावा इतकं बेताचं तापवणं, म्हणून या पद्धतीला ‘थंड संमीलन’ म्हणतात. १९८९ साली टेबलावरच्या भांड्यात अणुऊर्जा मिळाल्याचा जो दावा गाजला आणि पुढे टिकला नाही, त्याचंही हेच नाव. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. उदयपूरजवळच्या जावरला जस्त गाळून काढायचे कारखाने युरोपाच्या शेकडो वर्षं आधी चालत होते. मुलांना जस्त म्हटलं की फक्त बॅटरी आठवते, त्यांनी ही जागा नकाशात शोधावी. दुसरी गोष्ट बिस्मथची. बिस्मथ-२०९ पूर्ण स्थिर आहे असं फार काळ मानलं जात होतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तेही किरणोत्सारी आहे, फक्त अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, सुमारे २ वर १९ शून्यं इतकी वर्षं. रिकेनचा प्रयोगही सप्टेंबर २००३ मध्येच सुरू झाला. विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त टिकणाऱ्या केंद्रकावर त्यांनी जस्त आपटलं आणि त्यातून निघालं ते काही सहस्रांश सेकंदांत संपणारं.

नऊ वर्षांत फक्त तीन अणू मिळाले, हे खरं आहे का?

खरं आहे. पहिला २३ जुलै २००४, दुसरा २ एप्रिल २००५, तिसरा १२ ऑगस्ट २०१२. प्रयोग ऑक्टोबर २०१२ पर्यंत चालला. मध्ये यंत्र दुसऱ्या कामांसाठीही लागत होतं. प्रत्यक्ष झोत सुरू असलेले दिवस मोजले तर ५५३ भरतात. सेकंदाला दोन लाख कोटींहून जास्त जस्त-केंद्रकं, अशी रात्रंदिवस.

एकूण किती आपटली? १३५ वर १८ शून्यं. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात गलका होतो, पण मी मुलांना लगेच पुढचं गणित करायला लावतो. ॲव्होगाड्रोचा अंक घ्या, जस्ताचं वस्तुमान ७० धरा, आणि एवढ्या केंद्रकांचं वजन काढा. उत्तर येतं सुमारे १६ मिलिग्रॅम. नऊ वर्षांत टार्गेटवर पोचलेलं सगळं जस्त चिमटीतसुद्धा नीट धरता येणार नाही इतकं आहे. अणू किती लहान आणि किती असंख्य असतात हे ज्यांना धड्यातून पटत नाही, त्यांना हे एक उदाहरण पटतं. अकरावीच्या मुलांनी तरी हे गणित स्वतः करून बघावं.

बहुतेक जस्त-केंद्रकं काहीच न करता आरपार निघून जातात, कारण अणूत पोकळीच जास्त. जी थोडी केंद्रकावर आपटतात त्यांतली जवळजवळ सगळी जोडी जुळण्याआधीच किंवा जुळल्याबरोबर फुटतात. निहोनियम टिकून बाहेर पडणं हा सगळ्यांत दुर्मिळ प्रकार.

एकच अणू, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत गेलेला. तो मिळाला हे कळलं कसं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे उत्तर वाचा.

टार्गेटमधून नको असलेल्या कणांचा प्रचंड लोंढा बाहेर पडतो. त्यातून एक हवा असलेला अणू वेगळा काढायला रिकेनने गॅरिस नावाचं विभाजक यंत्र वापरलं. त्यात हेलियम वायू भरलेला असतो आणि मोठमोठी चुंबकं असतात. वस्तुमान, वेग आणि प्रभार यांनुसार कणांच्या वाटा वाकतात. जस्ताचा झोत एकीकडे जातो आणि जड केंद्रक दुसरीकडे वळतं. हा सगळा प्रवास साधारण एका मायक्रोसेकंदाचा. शेवटी ते केंद्रक सिलिकॉनच्या शोधकात, म्हणजे डिटेक्टरमध्ये, रुतून बसतं. नेमकं कुठे रुतलं, कधी रुतलं, किती ऊर्जेने, हे सगळं नोंदलं जातं.

मग वाट बघायची. केंद्रक अल्फा कण सोडतं. अल्फा कणात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, म्हणून प्रत्येक वेळी अणुक्रमांक दोनाने आणि वस्तुमानांक चाराने कमी होतो. २३ जुलै २००४ च्या अणूचं असं झालं: रुतल्यानंतर ३४४ मायक्रोसेकंदांनी पहिला अल्फा, आणि ११३ चं झालं १११, रोंटजेनियम-२७४. पुन्हा त्याच जागी अल्फा, १०९, मेइटनेरियम-२७०. पुन्हा अल्फा, १०७, बोरियम-२६६. आणखी एक अल्फा, १०५, डब्नियम-२६२. आणि तिथे ते केंद्रक दोन तुकड्यांत फुटलं.

त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्यांच्या वंशावळी उपाध्यायांच्या वह्यांत असतात. इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातलं कुणी तिथे गेलं आणि मूळ पुरुषाचं नाव आठवत नसलं, तरी पणजोबांचं, आजोबांचं नाव सांगितलं की वहीतली ओळ सापडते आणि वरचा पुरुष कोण ते ठरतं. इथेही तसंच. निहोनियमला पूर्वी कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला थेट ओळखता येत नाही. पण खालच्या पिढीतलं एखादं केंद्रक आधीपासून ओळखीचं असेल, त्याच्या अल्फाची ऊर्जा आणि टिकण्याचा काळ माहीत असेल, तर तिथून उलटं मोजत वर जायचं: १०५, १०७, १०९, १११, ११३.

आता अडचण बघा. बोरियम-२६६ बद्दल तोवर फार थोडी माहिती होती आणि पहिले दोन्ही अणू डब्नियमपाशी फुटून संपले होते. त्यामुळे आययुपॅकच्या परीक्षकांनी २०११ साली सांगितलं की पुरावा चांगला आहे पण पुरेसा नाही. रिकेनचा गट मात्र आधीच कामाला लागला होता. त्यांनी क्युरियम-२४८ वर सोडियम-२३ आपटून बोरियम-२६६ वेगळं, थेट तयार केलं आणि त्याची ओळख पक्की केली. म्हणजे वहीतली ती पुसट ओळ त्यांनी स्वतः ठळक करून घेतली. आणि २०१२ च्या तिसऱ्या अणूने उरलेलं काम केलं: त्याच्या साखळीतलं डब्नियम-२६२ फुटलं नाही, त्याने अल्फा सोडला. १०३, लॉरेन्सियम-२५८. आणखी एक अल्फा, १०१, मेंडेलेव्हियम-२५४. सलग सहा अल्फा, आणि खालची केंद्रकं ओळखीची. डब्नियम-२६२ कधी फुटतं तर कधी अल्फा सोडतं हे आधीपासून माहीत होतंच. तीन अणूंत दोन्ही वाटा दिसल्या.

मला या शोधात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. २००५ मध्ये हातात दोन अणू होते. घोषणा करून, नाव मागून थांबता आलं असतं. त्यांनी सात वर्षं आणखी मोजली.

इतक्या कमी वेळ टिकणाऱ्या गोष्टीला मूलद्रव्य म्हणायचं तरी का?

यासाठी एक ठरलेली मर्यादा आहे. केंद्रक किमान १०⁻¹⁴ सेकंद टिकलं पाहिजे. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचं कवच जमायला साधारण एवढा वेळ लागतो, आणि इलेक्ट्रॉन आले की रसायनशास्त्र आलं. पहिला अणू ३४४ मायक्रोसेकंद टिकला, म्हणजे या मर्यादेच्या तीन हजार कोटी पटींहून जास्त. आपल्याला तो काळ क्षुल्लक वाटतो, अणूच्या मापाने तो भरपूर आहे.

रशियातल्या शास्त्रज्ञांनी ११३ आधी पाहिलं होतं असं वाचलं. मग श्रेय जपानला कसं?

प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर एका ओळीत देणं अन्यायाचं होईल.

मॉस्कोच्या उत्तरेला दुबना गावात अणुसंशोधनाची मोठी संस्था आहे. तिथल्या गटाने अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेसोबत २००३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिशियम-२४३ वर कॅल्शियम-४८ आपटलं. त्यातून ११५ तयार झालं, आणि त्याने अल्फा सोडल्यावर ११३. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी ते जाहीरही केलं. तारखा पाहिल्या तर ते पुढे होते.

पण त्यांच्या पद्धतीत तयार होणारी केंद्रकं न्यूट्रॉनांनी जास्त भरलेली असतात, आणि त्यांच्या साखळ्या ज्या केंद्रकांपाशी संपतात ती कुणी दुसऱ्या मार्गाने बनवून ओळखलेली नव्हती. वरच्या उत्तरातली वहीची गोष्ट इथे लागू होते. खालचं नावच अनोळखी असेल तर वर कसं जाणार? दुबनाने साखळीच्या शेवटच्या केंद्रकाची रासायनिक ओळख पटवायचाही प्रयत्न केला, पण परीक्षकांचं समाधान झालं नाही. शेवटी ११३ रिकेनला. ११५ आणि ११७ दुबना, लिव्हरमोर आणि ओक रिज (अमेरिकेतलीच दुसरी प्रयोगशाळा) यांना. ११८ दुबना आणि लिव्हरमोरला.

माझं मत विचाराल तर निर्णय नियमांना धरून आहे, आणि तरी दुबनाचं काम कुठेही कमी ठरत नाही. आज निहोनियमचे जे जास्त टिकणारे समस्थानिक माहीत आहेत ते त्यांच्याच पद्धतीतून आले. मुलांना शिकवताना दोन्ही नावं सांगावीत.

हे काम कुणी केलं?

कोसुके मोरिता यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने. मोरितांबद्दल असं सांगतात की देवळात गेले की ते ११३ येनचं दान टाकत. आपल्याकडे ११, ५१, १०१ रुपयांची पाकिटं करणाऱ्यांना यात काही नवल वाटू नये.

रिकेनची परंपरा मात्र त्यांच्याही कितीतरी आधीची. भौतिकशास्त्रज्ञ योशियो निशिना यांनी १९३७ साली तिथे सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारा त्वरक, उभारला. दुसरं महायुद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९४५ मध्ये, अमेरिकन फौजांनी रिकेनचे दोन सायक्लोट्रॉन तोडून टोकियोच्या उपसागरात टाकले. ते शस्त्रं बनवायचं साधन नव्हतं. त्यावर जीवशास्त्राचं आणि औषधांचं कामही होत असे, आणि या कृत्याचा अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनीही निषेध केला. त्याच संस्थेत पुन्हा शून्यापासून त्वरक उभे राहिले आणि तिथून ११३ आलं.

नावाचा अर्थ?

निहोन म्हणजे जपान. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताका ओगावा यांनी ४३ वं मूलद्रव्य सापडल्याचं सांगून त्याला निप्पोनियम म्हटलं होतं. त्यांनी ते सिलोनच्या एका खनिजातून काढलं होतं. दावा टिकला नाही. पुढे त्यांचे नमुने पुन्हा तपासल्यावर दिसलं की त्यांच्या हाती आलं होतं ते ७५ वं, ऱ्हेनियम, आणि तेही १९२५ च्या जर्मन शोधाच्या कितीतरी आधी. एकदा वापरून बाद झालेलं नाव दुसऱ्या मूलद्रव्याला देत नाहीत, म्हणून यावेळी निप्पोनियम न घेता निहोनियम घेतलं.

रंग कोणता? घन की द्रव? थॅलियमसारखं विषारी आहे का?

रंग पाहण्याइतकं ते कधी जमलंच नाही. गणितावरून ते धातू असावं असं दिसतं. विषाचं म्हणाल तर काळजीचं कारण नाही. विषबाधा व्हायला पदार्थ लागतो, इथे एकेक अणू आहे.

रसायनशास्त्राचा भाग मात्र खरंच गोडीचा आहे. केंद्रकात ११३ प्रोटॉन असले की आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात आणि सापेक्षता सिद्धांताचे परिणाम दिसू लागतात. काही कक्षा आकसतात, इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ घट्ट ओढले जातात आणि बंध करायला सहज तयार होत नाहीत. म्हणून निहोनियम थॅलियमपेक्षा कमी क्रियाशील असावं असा अंदाज होता. जर्मनीत डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं. ११५ बनवायचं, त्यातून निहोनियम-२८४ मिळवायचं, वायूच्या प्रवाहातून ते क्वार्ट्‌झ आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या शोधकांवरून न्यायचं, आणि ते कुठे चिकटतं ते बघायचं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: निहोनियम क्वार्ट्‌झच्या पृष्ठभागाशी थॅलियमपेक्षा सैल वागतं. एकेका अणूवर केलेलं हे रसायनशास्त्र. ‘गटात खाली गेलं की धातूपणा वाढतो’ हे पाठ केलेल्या मुलांना इथे कळतं की नियमालाही एक हद्द असते.

उपयोग काय?

वापराच्या अर्थाने काहीही नाही. केंद्रक किती मोठं होऊ शकतं, आणि आवर्तसारणी कुठवर खरी ठरते, हे त्यातून कळतं. त्यासाठी केलेल्या शोधकांचा, चुंबकांचा आणि झोतांचा उपयोग इतर कामांना होतो, पण मला ते कारण म्हणून पुढे करायचं नाही. जाणून घेण्यासाठी केलेलं काम आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

सगळ्यांत जास्त टिकणारं निहोनियम कोणतं?

नक्की माहीत असलेल्यांपैकी निहोनियम-२८६. अर्धायुष्य दहा सेकंदांच्या आसपास. रिकेनच्या निहोनियम-२७८ पेक्षा यात आठ न्यूट्रॉन जास्त, आणि तेवढ्याने आयुष्य हजारो पटींनी वाढतं. न्यूट्रॉनांची संख्या १८४ च्या जवळ गेली की अतिजड केंद्रकं बरीच स्थिर व्हावीत, असा सिद्धांत आहे. त्या भागाला ‘स्थैर्याचं बेट’ म्हणतात. २८६ मध्ये १७३ न्यूट्रॉन आहेत. अजून तिथे पोचायचं आहे.

आपल्या कॅटमध्ये हे बनवता येईल का? तिथली ऊर्जा तर कितीतरी जास्त आहे!

राजेंद्र नगरकडून येणारी मुलं हा प्रश्न विचारतातच, आणि त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे सगळं इंदूर ज्याला कॅट म्हणतं तिथे, इंडस-१ आणि इंडस-२ अशी दोन यंत्रं आहेत. इंडस-१ मध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४५० एमईव्ही, इंडस-२ मध्ये २,५०० एमईव्ही. रिकेनचं जस्त तर ३५० च्या आसपासच. मग का नाही?

कारण फिरतो आहे इलेक्ट्रॉन. ११३ घडवायला ३० प्रोटॉन आणून ८३ मध्ये मिळवायचे असतात. इलेक्ट्रॉनाजवळ द्यायला एकही प्रोटॉन नाही, मग तो कितीही जोरात आला तरी. इंडसचं काम वेगळंच आहे. एकशे साडेबहात्तर मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन वळताना जो तेजस्वी प्रकाश, विशेषतः क्ष-किरण, बाहेर पडतो त्याने पदार्थांची रचना तपासतात. धातू, प्रथिनं, औषधं, खनिजं, सगळं. देशातल्या कानाकोपऱ्यातून संशोधक त्यासाठी इंदुरात येतात.

ऊर्जा किती याच्याआधी कोणत्या कणाची ऊर्जा, हे विचारायला हवं. हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण समजला तर पुढचं पुष्कळ समजतं.

भारतात अशी कामं कुठे होतात?

जड केंद्रकांचे झोत दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या पेलेट्रॉन या त्वरकावर आणि कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये मिळतात. भारतात नवं अतिजड मूलद्रव्य बनलेलं नाही. पण दोन जड केंद्रकं भिडल्यावर ती जुळतात कधी आणि जुळण्याआधीच सुटतात कधी, यावर आपल्याकडे चांगलं काम होतं. दिल्लीत हायरा नावाचं विभाजक यंत्र आहे, तेही वायू भरून वापरता येतं, गॅरिससारखंच.

परीक्षेत काय विचारतात?

अणुक्रमांक, चिन्ह, गट, आवर्त. इलेक्ट्रॉन रचना विचारली तर रेडॉनच्या पुढे ५एफ१४, ६डी१०, ७एस२, ७पी१. ही अपेक्षित रचना आहे, मोजलेली नाही. उत्तरात मात्र एवढंच लिहा.

नमुना विकत मिळतो का? एका साइटवर मूलद्रव्यांचा पूर्ण संच दिसला.

त्या संचात ११३ च्या जागी नुसतं नाव छापलेलं असतं. कुणी खरा नमुना देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

११९ सापडलं का?

अजून नाही. रिकेनमध्येच क्युरियम-२४८ वर व्हॅनेडियम-५१ आपटून प्रयत्न चालू आहे: ९६ आणि २३, बेरीज ११९. कॅल्शियम-४८ ची पद्धत ११८ पर्यंत चालली, त्यापुढे टार्गेटसाठी लागणारी जड मूलद्रव्यंच पुरेशी मिळत नाहीत, म्हणून झोत बदलावा लागतो. अमेरिकेत बर्कलीच्या गटाने २०२४ मध्ये प्लुटोनियमवर टायटॅनियम-५० आपटून ११६ चे दोन अणू मिळवले. तोच झोत कॅलिफोर्नियमवर वापरून १२० कडे जायचा त्यांचा विचार आहे. इथेही एखादा अणू दिसला की लगेच नाव मिळणार नाही. त्याची साखळी खालच्या ओळखीच्या केंद्रकापर्यंत पोचावी लागेल.

मला मोठेपणी याच कामात जायचं आहे. काय शिकू?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. पुढे भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी.; इंदुरात होळकर सायन्स कॉलेज आहे, देवी अहिल्या विद्यापीठ आहे, सिमरोलला आयआयटी आहे. अभियांत्रिकीकडे ओढा असेल तरी दार बंद नाही: चुंबकं, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि नोंदी तपासणारे संगणक-कार्यक्रम यांच्याशिवाय एकही त्वरक चालत नाही. एम.एस्सी.नंतर अणुकेंद्रकीय भौतिकीत पीएच.डी. करताना दिल्लीच्या केंद्रात झोताचा वेळ मागता येतो. ते केंद्र विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच काढलेलं आहे, आणि प्रस्ताव आपल्या मार्गदर्शकांमार्फत पाठवायचा असतो.